किशोरीवयनीचं लाल लिक्वीड

आमच्या जामसंड्यात कोणाच्या घरात शिरलात आणि फरशीला गवती चहाचा वास आला, की समजायचं, इथे किशोरीवयनीचं लिक्वीड पोचलंय. आता तो वास बंद झालाय. का बंद झाला ते सांगतो. पण आधी ती बाई कशी आहे ते ऐकून घ्या, नाहीतर लोक अर्धवट ऐकतात आणि तोंड वाजवत सुटतात. माझी रिक्षा नाक्यावर उभी असते, त्यामुळे नाक्यावर काय काय बोलतात ते मला पाठ आहे. लोकांच्या जिभेला हाड नसतं.

किशोरीवयनी माझी शेजारीण. दोन घरांच्या मध्ये गुडघ्याएवढा दगडांचा गडगा, तोही अर्धा पडलेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी समीक्षा, ती नांदगावला दिलेली. मागे चार आंब्याची कलमं, रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं आणि घरात बाई एकटी. एकटी असली तरी हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. सकाळी मी रिक्षा पुसायला बाहेर पडायच्या आत तिचं खळं, म्हणजे अंगण, झाडून झालेलं असायचं, आणि वर मलाच ऐकवायची, "दत्तू, सूर्य वर इलो रे मेल्या, तुझा अजून चायपाणीच चालू आसा!"

हे लिक्वीडचं प्रकरण सुरू झालं ते एका अपघातापासून. मोरी घासायची म्हणून तिने बाजारातलं ॲसिड ओतलं, आणखी पांढरी व्हावी म्हणून वर ब्लिचिंग पावडर टाकली, आणि दार लावून घासत बसली. खोकल्याचा आवाज ऐकून मी गडगा ओलांडून धावलो, दार ढकललं तर आत श्वास घेता येईना. डोळ्यांना पदर लावून बाई भिंतीला टेकलेली, तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिला बाहेर ओढून खळ्यात बसवली. दम परत आल्यावर पहिलं काय केलं असेल? घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या ॲसिड-फिनेलच्या बाटल्या माझ्या रिक्षात भरल्या आणि म्हणाली, "ह्या घेवन जा. माझ्या घरात ह्या इख नको."

आणि मग आपल्या आईच्या वेळचं सगळं एकेक करून आठवून काढलं. पितळेला झाडावरची आंबट बिमलं आणि राख. तांब्याला रातांब्याची साल आणि मीठ. फरशीला नि भांड्यांना रिठा. रिठे रात्री भिजत टाकायचे, सकाळी उकळून कुसकरायचे, फडक्यातून गाळायचे. सरबताला रस काढून झाला की रातांब्याच्या साली उरतात, त्या त्याच पाण्यात उकळायच्या, म्हणजे आंबटपणाने डाग निघतो. वासाला गवती चहाची मूठ. तयार व्हायचं ते लालबुंद पाणी, अगदी आपल्या कोकम सरबतासारखं. हा लाल रंग म्हणजे तिची खूण. कोणी विचारलं की बाटली उजेडात धरून दाखवायची. "रंग बघ! ह्यो काय पुडीतलो रंग न्हय. झाडार पिकलेलो आसा. पोराच्या अंगाक लाग्लो तरी काय होवचा नाय."

लोकांनी नेलं. शेजारी नेलं, मग वाडीने नेलं, मग बचत गटाच्या दीपिकाने स्टॉलवर मांडलं. किशोरीवयनीला 'किशोरीताई' म्हणणारी माणसं घर विचारत यायला लागली. खोटं कशाला सांगू, मलाही ऐट वाटायची. गिऱ्हाइकाला मीच सांगायचो, "आमच्या वयनीचा लिक्वीड घ्या, डोळे मिटून घ्या."

पण आपल्याकडची हवा तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात भात सकाळचा संध्याकाळी टिकत नाही, तिथे रिठ्याचं पाणी काय टिकणार? बाटल्या आंबून परत यायला लागल्या. कोणी म्हणे कुजका वास येतो, कोणी म्हणे फेसच येत नाही. दीपिका तर गटाच्या मीटिंगमध्ये सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "वयनी, ह्या लिक्वीड काय नुसता गढूळ पाणी? फेस नाय तर साफ झाला असा कोणाक वाटतला?" किशोरीवयनी त्या दिवशी माझ्या रिक्षातून घरी आली ती परत आलेल्या बाटल्या मांडीवर घेऊन.

त्यानंतर तिने काय केलं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, म्हणून इथेच सांगून टाकतो. फिनेल-बिनेल बनवायचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून तिने ॲसिड स्लरी आणली. काकवीसारखी दाट, काळपट, हाताला लागली तर चुरचुरणारी. बाजारच्या सगळ्या फेसाची आई तीच. जो कोणी स्लरी वापरतो तो तिच्यात सोडा घालून तिचा जाळ मारतो, मग पुढे जातो. दुकानदाराने वयनीलाही तसंच सांगितलं होतं. तिने सोडा घातला, आणि लालबुंद पाणी एका क्षणात शाईसारखं निळं-काळं झालं. रातांब्याचा रंग सोड्याला टिकत नाही. आता निळं लिक्वीड लोकांना कसं दाखवणार? झाडावर पिकलेला रंग कुठे गेला म्हणून विचारलं तर? म्हणून बाईने सोडाच घातला नाही. स्लरी तशीच जाळासकट मिसळली. फेस आला, वास टिकला आणि रंगही तस्साच लाल राहिला. आणि "पोराच्या अंगाक लाग्लो तरी काय होवचा नाय" हे बोलणंही तस्संच चालू राहिलं. फक्त लिक्वीड बनवायच्या मांगरात, त्या मागच्या खोपटात, ती आता कोणाला येऊ देईना. आम्हाला वाटलं, बाई धंद्यातलं गुपित सांभाळते. शहाणे आम्ही!

गेल्या मे महिन्यात समीक्षा माहेरी आली होती, आणि तिला न्यायला तिची सासू मथुराबाय नांदगावहून आली. विहीण म्हणजे विहीण. समोरासमोर दोघी कायम "विहीणबाई, बसा", "विहीणबाई, तुम्ही आधी", अशा बोलणार. मथुराबाय एसटीने भर उन्हातून आलेली, तोंड लालेलाल. किशोरीवयनी मागे खळ्यात साली वाळत घालत होती, तिने तिथूनच ओरडून सांगितलं, "समीक्षा, सरबत दी गो त्यांका!" समीक्षाने मोरीजवळची बाटली उचलली. बाटल्या म्हणजे काय, लोक परत आणून देतील त्या रिकाम्या. सरबताचं आगळ त्याच बाटल्यांत, लिक्वीडही त्याच बाटल्यांत. चिठ्ठी लावायची राहिली होती. पोरीने पेल्यात लाल पाणी ओतलं, त्यात साधं पाणी आणि साखर घातली, मीठ-जिरं घातलं, ढवळलं आणि विहिणीच्या हातात दिलं.

आता कोणीही शहाणा माणूस एका घोटात थांबला असता. पण मथुराबाय लेकाच्या सासुरवाडीला आलेली. तिथे दिलेला पेला परत करायचा? नाव ठेवलं असं वाटेल! बाईने डोळे मिटून घोट घोट करत पेला जवळजवळ संपवला, आणि वर म्हणाली काय, "वास वेगळोच आसा, पण बरा लागता." भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी तेव्हा वयनीच्याच ओटीवर बसून कैऱ्या निवडत होतो. बघतो तर मथुराबायच्या ओठांवर फेस. ती हाताने पुसतेय आणि परत येतोय. मग ती गळा धरून वाकली.

त्यानंतर नुसता गोंधळ. समीक्षा रडायला लागली, मीठपाणी आणायला धावली. किशोरीवयनी मागून आली, पेला बघितला, बाटली बघितली, आणि मीठपाण्याचा तांब्या तिने समीक्षाच्या हातातून हिसकावून घेतला. "ओकूक लावू नको! दत्तू, रिक्षा काढ!" तिघींना घेऊन मी दवाखाना गाठला तो कसा गाठला ते माझं मलाच माहीत.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाहेर गर्दी होती. त्यांनी विचारलं, काय पोटात गेलं? उत्तर समीक्षाने दिलं. रडता रडताही पोरीच्या आवाजात आईचा अभिमान होता. "घरचं लिक्वीड आहे डॉक्टर. आई बनवते. रिठा, कोकम आणि गवती चहा. केमिकलला ती शिवतसुद्धा नाही."

"नक्की एवढंच?"

"नक्की. सगळ्या गावाला माहीत आहे."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा सैल झाला. म्हणाल्या, रिठ्याने मळमळेल, एखाद-दुसरा जुलाब होईल, थोडा वेळ बसवा आणि घरी घेऊन जा. आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी किशोरीवयनीकडे बघितलं, कारण मला वाटलं तिला हायसं वाटलं असेल. ती भिंतीला लागून उभी होती, पदराचं टोक पिळत. चेहऱ्यावर असा काही रंग की मला कळेना, हिलाही काही झालं की काय. मथुराबाय बाकड्यावरून उठायला लागली, तिलाही घरी जायची घाई. समीक्षाने तिला हात दिला. आणखी चार पावलं टाकली असती तर त्या बाहेर पडल्या असत्या, आणि किशोरीवयनीचं नाव शाबूत राहिलं असतं.

"डॉक्टरबाय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की पहिल्यांदा कोणाला ऐकूच गेला नाही. मग मोठ्याने, "तिका घराक धाडू नका. त्यात स्लरी आसा."

"काय आहे?"

"स्लरी. ॲसिडाची. मीच घातलंय. सोडो पण घालूक नाय."

समीक्षा वळली. "आई, काय बोलतंस तू?"

वयनीने तिच्याकडे बघितलंच नाही. जमिनीकडे बघत ती डॉक्टरीणबाईंना सगळं सांगत गेली, किती पाण्यात किती, कुठून आणली, कधीपासून. डॉक्टरीणबाई एकीकडे नर्सला भराभरा सूचना देत होत्या आणि एकीकडे भडकल्या होत्या. "आणि इतका वेळ गप्प उभ्या होतात? मी घरी पाठवत होते त्यांना!" बरोबरच होतं त्यांचं. माझंही डोकं तडकलं होतं. माझ्या घरातली लादी त्याच लिक्वीडने पुसली जात होती, आणि मी मूर्ख रिक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला "डोळे मिटून घ्या" सांगत होतो! पण भांडायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघून मिटलं. मेलेल्याला आणखी काय मारायचं?

देवाची कृपा म्हणा, मथुराबाय त्यातून उठली. तोंड आतून सोललेलं, घसा सुजलेला, दोनेक दिवस दवाखान्यात काढले, पण उठली. पेज गिळता यायला लागल्यावर तिने खुणेने किशोरीवयनीला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता होणार तमाशा. बसलेल्या आवाजात मथुराबाय म्हणाली, "विहीणबाई, नांदगावात कोणाक कळूक नको. ऊन लाग्ला म्हणान सांगतलंय मी. समीक्षाक घरात कोणी बोलूक नको." आणि वयनीच्या हातावर हात ठेवला. त्या बाईने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. किशोरीवयनीने तो हात काढलाही नाही आणि धरलाही नाही. बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "माका लाज वाटता रे दत्तू. मेल्यासारखी लाज वाटता."

समीक्षा सासूला घेऊन नांदगावला गेली. जाताना आईच्या पाया पडली, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

उरल्या घराघरांतल्या बाटल्या. त्या परत आणायच्या हे वयनीनेच ठरवलं, मी न सांगता. पण लोकांना सांगायचं काय? इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, "वयनी, डॉक्टरीणबाय थयली, त्या काय हय येवन सांगूच्या नाय. विहीण बोलूची नाय, मी बोलूचो नाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. हो लॉट बिघाडलो म्हणान सांग आणि बाटल्यो घेवन ये." तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "बरा." माझा राग गेला होता असं नाही. पण गावाने तिला चव्हाट्यावर आणून फाडावी, हे बघवलं नसतं मला.

रिक्षा घेऊन दारोदार निघालो. "हो लॉट बिघाडलो, बाटली दी." सोपं वाटलं होतं मला. कसलं सोपं! माणसं संशय घेतील म्हणून मी छाती घट्ट करून बसलेलो, आणि माणसं चहा पुढे करत होती. "बिघाडलो तर बिघाडलो, बाथरूमाक वापरतंय, रवांदे गो." "अगो, तू किती जपतंस लोकांका! दुकानवालो असतो तर इलो असतो काय बाटली परत न्हेवक?" एका म्हातारीने तर वर आंबे बांधून दिले. दीपिकाने स्टॉलची सगळी खोकी काढून दिली आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, "ह्येका म्हणतत इमान. शिका जरा." प्रत्येक घरातून वयनी बाहेर आली की आधीपेक्षा थोडी लहान झालेली दिसायची. रिक्षात बसली की म्हणायची, "चल." एवढंच. आंब्यांची पिशवी तिने पायाशी ठेवली होती, तिला हातसुद्धा लावला नाही.

शेवटचं घर राहिलं ते ॲश्लिनचं. तिचा नवरा जेरी बोटीवर असतो, आणि ती तान्ही पोर घेऊन एकटी. आम्ही गेलो तेव्हा दारातल्या दोरीवर पोरीचे लंगोट वाळत होते, आणि आत पोर किंचाळत होती. ॲश्लिनचे डोळे झोप न झाल्यासारखे.

"आंटी! या या. दत्तूभाऊ, बसा. बाटल्यो? आसत ना, आतमध्ये दोन आसत. जरा हिका धरशात? खाली ठेवलंय काय रडता." आणि तिने पोर वयनीच्या हातात देऊन टाकली.

पोर वयनीच्या खांद्यावर येऊनही रडतच होती. मांडीला हात लागला की आणखी किंचाळायची. वयनीने झबलं जरा वर सरकवलं. मी समोर होतो, मलाही दिसलं. जिथे जिथे लंगोट लागतो तिथे तिथे लालभडक, मधून मधून सालटं गेलेली.

ॲश्लिन बाटल्या घेऊन बाहेर आली आणि बोलायलाच लागली, बिचारीला बोलायला कोणी मिळालेलं नसावं. "बघलात आंटी? कसा झाला ता. दोन मलमां झाली, पावडर झाली. डॉक्टर म्हणता, कपड्यांचो साबण बदल. मी म्हटलंय, साबण खंयचो? मी हिचे कपडे साबणान धुवतच नाय, आमच्या किशोरीआंटीच्या लिक्वीडान धुवतंय. आणखी कडक होवचे नाय म्हणान पाण्यात जरा जास्तच घालतंय. तुमचा लिक्वीड होता म्हणान एवढ्यार निभावला. बाजारचो साबण असतो तर माझ्या चेडवाचा काय झाला असता!"

मी वयनीकडे बघून मान हलवली. नको, म्हणून. बाटल्या मिळाल्या, उद्यापासून लंगोट दुसऱ्या कशाने धुतले जातील, पोर आठ दिवसांत बरी होईल, कोणाला कळायचं कारण नाही. खरंच सांगतो, मी मान हलवली.

"ॲश्लिन," किशोरीवयनी म्हणाली, "हिका झाला ता माझ्याच लिक्वीडान झाला."

ॲश्लिन हसली. तिला वाटलं आंटी आपली समजूत काढतेय. "काय तरीच काय आंटी!"

"त्यात ॲसिडाची स्लरी घालतंय मी. बरेच दिवस घालतंय. फेस येवचो म्हणान. रंग जाता म्हणान सोडो घालूक नाय. मी तुका पोराक चलता म्हणान सांगला, ता खोटा सांगला. लॉट बिघाडलो ह्या पण खोटा." ती थांबली नाही, एका दमात बोलत गेली, पोर खांद्यावर तशीच. "हे कपडे साध्या पाण्यात परत परत पिळून काढ. नाय तर टाकून दी सगळे, मी नवे हाडून देतंय. आणि डॉक्टराक माझा नाव सांग, स्लरी म्हणान सांग, म्हणजे बरोबर औषध दितली."

ॲश्लिनचं हसू चेहऱ्यावरच राहिलं होतं, ते हळूहळू गेलं. तिने हातातल्या बाटल्या पायरीवर ठेवल्या. दोरीवरच्या लंगोटांकडे बघितलं, मग पोरीच्या मांड्यांकडे. मला वाटलं ओरडेल, रडेल, आंटीला दारातून घालवून देईल. पण नाही. ती पुढे आली आणि किशोरीवयनीच्या हातांना आपला हात लागणार नाही अशा बेताने तिने आपली पोर काढून घेतली.